विज्ञानेतर विद्यार्थी, पदार्थविज्ञान आणि लेखन

कलाशाखेच्या विद्यार्थ्यास पदार्थविज्ञानाची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळ काळ कोणाचाच नव्हता. विज्ञानशाखेच्या अध्यापकास तो आपल्या कक्षेबाहेरचा वाटे आणि भाषा किंवा इतिहास शिकविणाऱ्यास त्यात शिरण्याचे प्रयोजन नसे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अंमलात येऊ लागल्यानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात अन्य शाखेतील विषय घेण्याची तरतूद झाली, आणि सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यातही मराठी, इतिहास वा वाणिज्य घेतलेला विद्यार्थी गतीचे नियम, भरती-ओहोटी, प्रकाश अशा विषयांच्या वर्गात येऊन बसण्याचा संभव निर्माण झाला. त्याचे गणित बहुधा दहावीलाच थांबलेले असते. प्रयोगशाळेशी परिचय बेताचाच. एकच साधन त्याच्या सरावाचे आहे. तो लिहू शकतो. या साधनाचा पदार्थविज्ञान शिकविण्यास कसा उपयोग होतो, आणि तो का होतो, याचा विचार प्रस्तुत लेखात भाषाशास्त्राच्या बाजूने करावयाचा आहे.

लेखन हा शब्द येथे परीक्षेतील उत्तराच्या अर्थाने घेतलेला नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. उत्तर लिहिताना विद्यार्थी आपल्याला ठाऊक असलेले, किंवा निदान पाठ असलेले, परीक्षकास दाखवीत असतो. येथे अभिप्रेत असलेले लेखन ठाऊक होण्यापूर्वीचे आहे. एखादी घटना पाहण्याआधी ‘काय होईल आणि का’ हे लिहावयाचे, घटना पाहून ‘काय झाले’ हे लिहावयाचे, आणि दोहोंत अंतर पडले असल्यास ते का पडले याचा शोध पुन्हा लिहूनच घ्यावयाचा, असा हा क्रम आहे. जॅनेट एमिग या अमेरिकन अभ्यासिकेने १९७७ साली लेखन ही शिकण्याचीच एक रीत आहे असे प्रतिपादन केले, तेव्हापासून या विचारास शिक्षणशास्त्रात स्थान मिळाले. पदार्थविज्ञानाच्या बाबतीत वॉशिंग्टन येथील अमेरिकन विद्यापीठात टेरेसा लार्किन-हाइन यांनी विज्ञानेतर विद्यार्थ्यांच्या वर्गात लेखनाचा उपयोग करून विद्यार्थ्यांचे गैरसमज त्यांच्याच लेखनातून पुढे आणण्याची पद्धती १९९९ साली एका निबंधात मांडली. त्या पद्धतीचे तपशील येथे देण्याचे कारण नाही. इंग्रजी लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या अडचणी आणि मराठी लिहिणाऱ्याच्या अडचणी सर्वस्वी एक नसतात, आणि आपणास दुसऱ्याशी कर्तव्य आहे.

शिवाय हा विषय आपल्याकडे अगदीच उपरा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जे शास्त्रीय लेखन मराठीत झाले ते सगळेच विज्ञानेतर वाचकांसाठी होते, कारण विज्ञानशाखा म्हणून काही वेगळे अस्तित्वातच नव्हते. देवगड तालुक्यातील पोंभुर्ले या गावी जन्मलेले बाळशास्त्री जांभेकर हे ‘दर्पण’कार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत, पण एल्फिन्स्टनमध्ये गणित व ज्योतिष शिकविणाऱ्या या विद्वानाने १८४० साली ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढून त्यात शास्त्रीय विषयांस जागा दिली, हे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. त्याच सुमारास, १८३० नंतरच्या दशकात, हरि केशवजी यांनी इंग्रजीतील शास्त्रीय संवादग्रंथ मराठीत आणले. संवादाचा हा घाट विचारात घेण्यासारखा आहे. जेन मार्सेट या इंग्रज लेखिकेने १८०५ साली रसायनशास्त्रावर असा संवादग्रंथ लिहिला, आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करणाऱ्या मायकेल फॅरडेने तो वाचूनच त्या शास्त्राची गोडी लावून घेतली. अशा ग्रंथात शिष्य चुकीचे बोलतो आणि ते चुकीचे बोलणे छापले जाते. पुढे पाठ्यपुस्तके आली, व्याख्या आणि नियम आले, आणि शिष्याचा आवाज पुस्तकातून गेला. विद्यार्थ्याच्या वहीत तो परत आणणे, एवढ्याच अर्थाने आजचा हा उपक्रम जुना आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. बोलणाऱ्याच्या वाक्यात पुष्कळ जागा रिकाम्या असतात आणि त्या ऐकणारा भरून घेतो. ‘ओढ’, ‘सोड’, ‘आला बघ’ एवढ्यावर समुद्रकाठची कामे बिनबोभाट पार पडतात, कारण कोणी ओढावयाचे, काय ओढावयाचे, कोण आला, हे प्रसंगच सांगत असतो. लिहिताना प्रसंग समोर नसतो. त्या जागा लिहिणाऱ्यालाच भराव्या लागतात. पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक कल्पना बहुतांशी या रिकाम्या जागांतच दडलेल्या आहेत, असे माझे मत आहे. बल म्हणजे काय हे ज्यास कळलेले नसते, त्यास बहुधा बल कोणाचे आणि कोणावर, या दोन जागा भरावयाच्या असतात हेच कळलेले नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. मालवणच्या धक्क्याकडे येणारी होडी वल्हविणे थांबविल्यावरही काही अंतर पुढे जाते आणि मग थांबते. असे का, हे लिहावयास सांगितले असता पुढील प्रकारचे वाक्य हमखास मिळते : ‘वल्हे थांबविले तरी होडीत जोर शिल्लक असतो, म्हणून ती पुढे जाते, जोर संपला की थांबते.’ वाक्य निर्दोष मराठी आहे, अनुभवाशी जुळणारे आहे, आणि न्यूटनच्या दृष्टीने चुकीचे आहे. असे म्हणणारा विद्यार्थी मंदबुद्धीचा असतो असे मात्र नाही. जॉन क्लेमंट यांनी १९८२ साली अमेरिकेतील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांत हीच समजूत आढळल्याचे दाखविले. वर फेकलेल्या नाण्यास वर नेणारे बल त्याच्याबरोबर जात असते असे त्यांनाही वाटत होते. चौदाव्या शतकातील बुरिदान या फ्रेंच पंडिताची उपपत्ती याहून फारशी निराळी नव्हती. तेव्हा दोष मराठीचा नाही. उपाय मात्र मराठीत हाताशी आहे, आणि तो शब्दात नसून शब्दाला लागणाऱ्या प्रत्ययात आहे.

‘होडीत जोर आहे’ आणि ‘होडीवर जोर लावला’ ही दोन्ही वाक्ये मराठीस मान्य आहेत. पहिल्यात ‘-त’ आहे, दुसऱ्यात ‘-वर’. ‘जोर’ हा बोलीतला शब्द दोन्ही प्रत्यय घेतो. शास्त्रातला ‘बल’ हा शब्द फक्त दुसरा घेतो. बल कधीही कशा‘त’ नसते. ते कशाने तरी कशा‘वर’ लावलेले असते. विद्यार्थ्यास एवढाच नियम घालून द्यावा की, ‘बल’ हा शब्द ज्या ज्या वाक्यात येईल त्या त्या वाक्यात ‘कशाने’ आणि ‘कशावर’ या दोन्ही जागा भरलेल्या असल्या पाहिजेत. मग होडीचे वाक्य तो पुन्हा लिहावयास बसतो आणि अडतो. मागे ढकलणारे बल त्यास सहज मिळते : पाण्याने होडीवर लावलेले. पुढे नेणारे बल लावणारा कोणी सापडत नाही, कारण वल्ही तर आत घेतलेली आहेत. या अडण्यातच शिकणे आहे. पुढे ढकलणारे कोणी नसताना होडी पुढे जाते, आणि तिला थांबविणारे मात्र कोणीतरी लागते, हे वाक्य त्याने स्वतः लिहिले म्हणजे जडत्वाचा नियम त्यास फळ्यावरून उतरवून घ्यावा लागत नाही. आणि मग त्याच्या मूळ ‘जोर’चे काय? तोही अगदीच फुकट जात नाही. होडी‘त’ काहीतरी असते हे त्याचे म्हणणे खरेच होते. त्या काहीतरीला पदार्थविज्ञान संवेग म्हणते, आणि दुसऱ्या एका हिशेबाने गतिज ऊर्जा म्हणते. बोलीतल्या एका शब्दात तीन कल्पना नांदत होत्या. त्या प्रत्ययांनी वेगळ्या केल्या.

येथे भाषेच्या विद्यार्थ्याची एक खास खोड नमूद करावीशी वाटते. शाळेपासून त्यास शिकविलेले असते की, एकच शब्द पुनःपुन्हा वापरणे हा निबंधातील दोष होय. त्यामुळे पहिल्या ओळीत ‘बल’ लिहिले की दुसरीत तो ‘शक्ती’ लिहितो, तिसरीत ‘ताकद’ आणि चौथीत, जरा नटवून, ‘सामर्थ्य’. ललित गद्यात जी शोभा ती येथे गोंधळास कारण होते, कारण शास्त्रात बल वेगळे, शक्ती वेगळी, ऊर्जा वेगळी. चांगला निबंध लिहिणारा विद्यार्थी या वर्गात प्रथम मागे पडतो तो यामुळे. ‘हलका’ आणि ‘जड’ या विशेषणांचीही तीच कथा. ‘होडी हलकी म्हणून तरंगते’ असे लिहिणाऱ्यास बंदरातील पोलादी ट्रॉलर दाखवावा आणि वाक्य पुन्हा लिहावयास सांगावे. तो बहुधा लिहील, ‘लोखंड पाण्यापेक्षा जड असते’; पण किती लोखंड आणि किती पाणी, ही जागा रिकामीच राहते. ‘तेवढ्याच आकारमानाच्या’ हे दोन शब्द जेव्हा त्याच्या वाक्यात येतात तेव्हा घनतेची कल्पना आलेली असते, मग तो ‘घनता’ हा शब्द लिहो वा न लिहो.

या पद्धतीची खरी कसोटी लागते ती भरती-ओहोटीच्या विषयात. समुद्रकाठच्या विद्यार्थ्यास या विषयाची माहिती शिक्षकापेक्षा अधिक असते. उधाण कधी, भांग कधी, हे त्यास पंचांगावाचून सांगता येते. कोकणपट्टीत एक जुना आडाखा सांगितला जातो : तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. हा आडाखा पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आला आणि तोंडी व्यवहारास तो पुरेसा आहे. विद्यार्थ्यास मात्र सांगावे की, पाऊणपटच का, हे लिहा.

लिहू लागला म्हणजे त्यास प्रथम तिथी म्हणजे काय हे लिहावे लागते. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी पूर्ण होते. ३६० अंशांचे आकाश २४ तासांत फिरताना दिसते, तेव्हा १२ अंशांस ४८ मिनिटे लागतात. म्हणजे दर तिथीस चंद्र, आणि त्याच्यामागून भरती, ४८ मिनिटांनी उशिरा. पाऊण तास मात्र ४५ मिनिटांचा. तीन मिनिटांची ही तूट बोलण्यात कोणाच्या लक्षात येत नाही. लिहिताना ती समोर उभी राहते, कारण पंधराव्या तिथीस ती ४५ मिनिटे झालेली असते. पौर्णिमेस आडाखा सव्वाअकरा देतो. अमावास्येस शून्य तिथी धरून बारापासून आरंभ केला असेल, तर पौर्णिमेसही बाराच यावयास हवेत. आडाखा खोटा ठरला काय? विद्यार्थी येथे दोन पक्षांत विभागले जातात आणि वादही करतात. वास्तविक तीन-चतुर्थांश हा अपूर्णांक तोंडी हिशेबास सोपा म्हणून पत्करलेला दिसतो. शिवाय भरतीचा विलंब रोज सारखा नसतो, आणि प्रत्येक बंदराची आरंभवेळ निराळी असते. मालवणच्या जेटीवर एक पंधरवडा रोज वेळ लिहून ठेवल्यावाचून मालवणचा आरंभ किती वाजता धरावा हे ठरत नाही. आडाख्यातून मापनाची गरज निघते ती अशी, आणि हिशेब त्रैराशिकापलीकडे जात नाही.

याहून बिकट प्रश्न कारणाचा आहे. ‘चंद्र पाणी ओढतो, म्हणून भरती येते’ हे वाक्य सर्वांच्या वहीत असते. दुसरा प्रश्न विचारावा : मग दिवसातून दोनदा का? चंद्र ज्या बाजूस आहे तेथे पाणी चढले हे समजले; नेमक्या विरुद्ध बाजूसही चढते ते कोणी ओढले? येथे ‘ओढणे’ या क्रियापदाचा विचार केला पाहिजे. रापण ओढताना पाहिलेल्या मुलास ओढणे म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही : किनाऱ्यावर दोन्ही बाजूंनी दोर धरून माणसे ओढतात आणि जाळे त्यांच्याकडे येते. जे ओढले जाते ते ओढणाऱ्याकडे येते. या अनुभवात पलीकडच्या पाण्याने ओढणाऱ्यापासून दूर जाण्यास जागाच नाही. वर्गात हे तोंडी कितीही समजावून सांगितले तरी माना डोलतात आणि वाक्य जसेच्या तसे राहते.

वाक्याच्या रचनेकडे पाहिले म्हणजे अडचण कळते. कर्ता चंद्र, कर्म पाणी. सकर्मक क्रियापदास एक कर्म मिळाले की वाक्य पुरे होते आणि मन थांबते. जे कर्म राहून गेले ते म्हणजे खुद्द पृथ्वी. ‘चंद्र आणखी कशाकशाला ओढतो ते सर्व लिहा’ एवढीच सूचना करावी. मग तीन कर्मे मिळतात : अलीकडचे पाणी, पृथ्वी, पलीकडचे पाणी. तिन्ही एकाच दिशेने ओढली जातात, पण सारखी नव्हेत. चंद्राचे अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट आहे, तेव्हा अलीकडचे पाणी ५९ त्रिज्यांवर आणि पलीकडचे ६१ त्रिज्यांवर. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम लावला तर अलीकडे ओढ सुमारे तीन टक्क्यांनी अधिक आणि पलीकडे तितकीच कमी. अलीकडचे पाणी पृथ्वीच्या पुढे जाते. पलीकडचे मागे राहते. मागे राहणे म्हणजेच पृथ्वीवरून पाहणाऱ्यास वर येणे. ‘मागे राहते’ हे क्रियापद ज्याच्या वहीत आपोआप आले त्यास दुसरी भरती समजली, असे बेलाशक म्हणावे.

पडताळा पाहण्यासाठी सूर्याचा प्रश्न ठेवावा. सूर्य पृथ्वीस चंद्राच्या पावणेदोनशे पट जोराने ओढतो, तरी सूर्यामुळे येणारी भरती चंद्राच्या भरतीच्या निम्म्याहूनही थोडी कमीच का? ज्याने ‘ओढतो म्हणून’ असे लिहिले होते त्याचे वाक्य येथे मोडते. ज्याने ‘कमीअधिक ओढतो म्हणून’ असे लिहिले त्याचे टिकते, कारण सूर्य इतका दूर आहे की अलीकड-पलीकडच्या ओढीत फरक फारच थोडा पडतो. (प्रत्यक्ष समुद्रात भरती ही खोऱ्याच्या घडणीप्रमाणे फिरणारी लाट असते आणि हे स्पष्टीकरण पहिल्या पायरीचेच आहे, हे शिक्षकाने सांगावे; पण पहिली पायरी चढल्यावर.)

‘म्हणून’ या अव्ययाविषयी येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. मराठीतील हा कारणवाचक शब्द मुळात ‘म्हणणे’ या धातूचे रूप आहे. ‘हलकी म्हणून तरंगते’ यात ‘हलकी असे म्हणून’ हा अर्थ लपलेला आहे. कारण आणि कथन यांना आपल्या भाषेने एकाच शब्दात बसविले आहे. त्याच धातूचे दुसरे रूप ‘म्हणे’. ‘काल म्हणे देवबागेत पाणी शिरले’ असे आपण म्हणतो तेव्हा मी पाहिले नाही, ऐकले, एवढे त्या एका शब्दाने सांगून होते. बोलीत ज्ञानाचा उगम सांगण्याची ही सोय फार मोलाची आहे. आणि नेमकी हीच सोय प्रमाण लेखनात गळून पडते. औपचारिक गद्यात ‘म्हणे’ शोभत नाही, म्हणून विद्यार्थी तो काढतो. त्याबरोबर ऐकीव आणि पाहिलेले यांतला भेदही निघून जातो. लेखन विचारास शिस्त लावते असे आपण सर्रास म्हणतो, पण या एका बाबतीत मराठी लेखन बोलण्यापेक्षा ढिले आहे. ‘म्हणे’ची रिकामी झालेली जागा ‘कोणी पाहिले, केव्हा, कोठून, आणि मला कशावरून कळले’ या मजकुराने भरून घ्यावी लागते. आपोआप ती भरत नाही.

याचे ठळक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. विजयदुर्ग किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ म्हणून ओळखले जाणारे चौथरे आहेत. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकयर या शास्त्रज्ञाने येथून निरीक्षण केले आणि हेलियमचा शोध लावला, असे सांगितले जाते. १८ ऑगस्ट हा हेलियम दिन म्हणून येथे साजराही होतो. बोलताना लोक यात ‘म्हणे’ घालतात. लेखात आणि भाषणात तो राहत नाही.

वर्गाने या एका वाक्याचा शोध घ्यावयाचा ठरविले तर काय हाती लागते पाहा. १८६८ चे ग्रहण जमखिंडी, गुंतूर, मच्छलीपट्टण या पट्ट्यातून दिसले. गुंतूर येथे फ्रेंच शास्त्रज्ञ जानसेन आणि इंग्रज अधिकारी टेनंट होते. जमखिंडीस लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. लॉकयर त्या वर्षी हिंदुस्थानात नव्हता. त्याने सूर्याच्या ज्वाळांचा वर्णपट पाहिला तो इंग्लंडमध्ये, २० ऑक्टोबर १८६८ रोजी, आणि ग्रहणावाचून. त्यात सोडियमच्या दोन पिवळ्या रेषांजवळ, पण त्यांच्याशी न जुळणारी, आणखी एक पिवळी रेषा होती. तिचा धनी असलेले मूलद्रव्य पृथ्वीवर सापडले ते १८९५ साली, विल्यम रॅमझे यांस. मग विजयदुर्गाचा संबंध कोठे येतो? तो येतो २२ जानेवारी १८९८ रोजी. त्या दिवशीच्या खग्रास ग्रहणासाठी लॉकयर खरोखरच विजयदुर्गास आला होता. ‘मेल्पोमीन’ या युद्धनौकेवरील लोकांस त्याने निरीक्षणाच्या कामी लावले होते, आणि या निरीक्षणांचा वृत्तांत रॉयल सोसायटीच्या प्रकाशनात विजयदुर्गाच्या नावानिशी छापला गेला. त्याच ग्रहणासाठी पुण्याचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी जेऊर येथे वेध घेतले. ओट्यांचा संबंध जोडावयाचा तर या मोहिमेशी जोडणेच युक्त दिसते. १८९५ आणि १८९८ हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागणे अशक्य होते, एवढे कोणासही उमगते.

विद्यार्थ्यांस हे रुचत नाही. रुचू नये हे स्वाभाविकच आहे. आपल्या गावाचे भूषण कोण स्वखुशीने कमी करील? परंतु लॉकयरची यंत्रे, नौकेवरील खलाशी आणि समुद्रकाठचे ते मोजके क्षण, हा खरा इतिहास त्या दंतकथेहून कमी मोलाचा आहे असे मला वाटत नाही. शिवाय पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने येथे एक महत्त्वाचा धडा मिळतो. १८६८ साली ‘हेलियम दिसला’ असे वाक्य कोणालाही लिहिता आले नसते. ‘पिवळी रेषा दिसली’ हे लिहिता आले असते. ‘ही रेषा ज्ञात मूलद्रव्याची नाही’ हे तुलनेनंतर लिहिता आले. ‘हे नवे मूलद्रव्य असावे’ हे अनुमान, आणि ते ‘असावे’चे ‘आहे’ होण्यास २७ वर्षे लागली. दिसणे, जुळणे, असणे या क्रियापदांचा क्रम विद्यार्थ्याने आपल्या हाताने लिहिला म्हणजे वर्णपटशास्त्राचे मर्म त्यास लाभते. तरंगलांबीचे आकडे मागाहून आले तरी चालते.

वर्गात हे करावयाचे तर काही व्यावहारिक गोष्टी पाळाव्या लागतात. पहिले लेखन खोडू देऊ नये. नवे वाक्य त्याखाली लिहावे, म्हणजे बदल दिसत राहतो. पहिला मसुदा मालवणीत असला तर उत्तमच. ‘होडी कित्याक तरंगता?’ या प्रश्नाचे उत्तर घरच्या भाषेत लिहिणारा विद्यार्थी पाठ्यपुस्तकातील शब्दांमागे लपू शकत नाही. त्याला काय वाटते ते उघडे पडते. प्रमाण मराठीत तो मसुदा उतरविताना कोणता शब्द अडला, यावरून कोणती कल्पना अडली ते कळते. साठ-सत्तर वह्या तपासणे हे शिक्षकाच्या दृष्टीने भयंकर काम वाटते. पण सर्व वही तपासण्याची गरज नाही. दर खेपेस एकच वाक्य अधोरेखित करावे आणि समासात एकच प्रश्न लिहावा : ‘कशाने?’, ‘कशावर?’, ‘कशापेक्षा?’, ‘कोणी पाहिले?’ ऱ्हस्वदीर्घ सुधारण्याचा मोह त्या वेळेपुरता आवरावा. भाषेच्या प्राध्यापकास हे जड जाते, हे अनुभवाने सांगतो.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. लेखन हे मापनाची जागा घेऊ शकत नाही. आणि कलाशाखेच्या विद्यार्थ्यास आत्मवृत्ते लिहिण्याचा दांडगा सराव असल्यामुळे, मोकळीक दिली की तो समुद्राचे मनोगत लिहू लागतो. चंद्राच्या भेटीस उचंबळणारा सागर दोन पाने खातो आणि पृथ्वी पुन्हा राहून जाते. अशा लेखनात कल्पकता असते, पण बल कोणावर ते नसते. विषय नेमका द्यावा आणि वाक्यांची संख्याही ठरवून द्यावी. पाच वाक्ये पुष्कळ होतात. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या आरंभीच्या काळात वि. गो. कुलकर्णी यांनी विज्ञान शिकण्यात भाषेचा अडसर किती मोठा असतो याकडे लक्ष वेधले होते. पुस्तकाची भाषा सोपी करणे हा त्यावरचा एक मार्ग; पण पुस्तक कितीही सोपे केले तरी विद्यार्थ्याचे स्वतःचे वाक्य तपासले जात नाही.

या किनाऱ्यावर ते वाक्य केवळ गुणपत्रिकेपुरते राहत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने येथील घरे, बागा आणि होड्या यांचे नुकसान केले. असे वादळ येण्यापूर्वी हवामान विभागाचा इशारा येतो. लाटांच्या उंचीविषयी हैदराबादच्या महासागर माहिती केंद्राचा येतो. त्यात वाऱ्याचा ताशी वेग असतो, लाटांची उंची असते, मुदत असते, आणि ‘शक्यता’ हा शब्द असतो. घरातील वडीलधाऱ्यांस तो वाचून दाखविण्याचे काम बहुधा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींकडे येते. म्हणून सत्राच्या अखेरीस एक लेखन असे द्यावे : असा एखादा इशारा मालवणीत पाच वाक्यांत लिहा. ‘उद्या वारो येतलो’ हे पहिले वाक्य बहुतेक वह्यांत मिळेल. ‘येतलो’मध्ये निश्चय आहे, मूळ मजकुरात तो नव्हता. ‘येवक शकता’ लिहिले तर ऐकणारा म्हातारा तांडेल विचारणार, मग जाऊ की नको? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर होडीवर त्याने लावलेले बल सुमारे चौपट होते, हे दुसऱ्या वाक्यात कसे बसवावयाचे? इशारा कोणी दिला, कोणत्या वेळेस दिला आणि कोठपर्यंतच्या किनाऱ्यास लागू आहे, ही तीन माहिती ‘म्हणे’च्या जागी आली पाहिजे. पाच वाक्यांत हे सर्व मावते. पण दोन-तीन वेळा लिहावे लागते.